हौद कुठाय? नव्या घरातल्या फजितीचा अनुभव धागा

बिनदुधाची बासुंदी

घर घ्यायचं म्हटलं की सल्ले द्यायला अख्खं गाव येतं. एनए म्हणजे बिगरशेती झालंय का बघा, सिटी सर्व्हेचा उतारा काढा, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं ते विचारा. आम्ही सगळं केलं. बँकेच्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च रिपोर्टसुद्धा काढला. पण किल्ली हातात पडल्यावर पहिल्या आठ दिवसांत माणसाची जी शोभा होते, तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. म्हणून हा धागा. बिल्डरने फसवलं, कोर्टात गेलो, असले किस्से नकोत, त्यासाठी वेगळा धागा काढू. इथे फक्त आपली आपण करून घेतलेली फजिती सांगायची.

सुरुवात मी करते. नऊ वर्षं नव्या पेठेत भाड्याने काढून आम्ही जुळे सोलापुरात टू बीएचके घेतला. रिसेलचा. अक्षय तृतीयेला घरभरणी ठरली. गॅसचं कनेक्शन अजून जुन्या पत्त्यावरच होतं, म्हणून मी हुशारी केली आणि इंडक्शनची शेगडी आणली. दूध उतू घालवायचं तर त्यावर घालवू. गुरुजी बसलेले, माहेरचे-सासरचे मिळून पंचवीस माणसं स्वयंपाकघराच्या दारात उभी. सासूबाईंनी त्यांच्या लग्नातलं पितळी पातेलं खास चिंचेने घासून आणलेलं. मी दूध ओतलं, हळदीकुंकू वाहिलं, बटण दाबलं. शेगडी म्हणाली 'टीं टीं टीं' आणि गप्प. परत दाबलं. परत 'टीं टीं टीं'. इंडक्शनला लोखंडाचा किंवा चुंबक चिकटेल असा तळ लागतो, पितळेला ती ओळखच दाखवत नाही, हे मला त्या पंचवीस माणसांसमोर कळलं. स्टीलचं पातेलं शोधायचं तर भांडी खोक्यात, खोकी बेडरूममध्ये, बेडरूममध्ये आमचे मामा आडवे झालेले.

शेवटी समोरच्या काकूंचं दार वाजवलं. ओळख पाळख नाही. काकू म्हणाल्या, "या की, त्यात काय एवढं." दूध त्यांच्या गॅसवर ठेवलं आणि अगदी झोकात उतू गेलं, त्यांचा ओटा, बर्नर, लायटर सगळं न्हाऊन निघालं. सासूबाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "लक्ष्मी आली खरी, पण शेजारी गेली."

त्या काकू अजून मला सासूबाईंचं तेच वाक्य ऐकवून चिडवतात. बोला आता.

टॉवेलवाला

माझं एका ओळीचं. नाईट लॅच, वारा, पेपर उचलायला बाहेर आलेला मी. अंगावर फक्त टॉवेल. पाऊण तास जिन्यात. सोलापुरी टॉवेल होता म्हणून अब्रू राहिली.

बार्शीकडचा

हा धागा माझ्यासाठीच काढलाय असं वाटलं. जरा लांबण लागेल.

मी मूळ बार्शी तालुक्यातला. नोकरीनिमित्त सोलापुरात, आणि दोन वर्षांपूर्वी पूर्व भागात, अशोक चौकाच्या पुढे, एक जुनं बैठं घर घेतलं. आधीच्या मालकांचे पुढच्या खोलीत यंत्रमाग होते. माग कधीच विकले, पण जमिनीत बोल्ट तसेच, त्यामुळे पहिल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाचा अंगठा फुटला. शेजारी मात्र माग चालू. पहिल्या रात्री त्या खटखटीने डोळ्याला डोळा नाही. महिनाभराने एका रात्री दीड वाजता मी आणि बायको एकदम दचकून जागे झालो. काय झालं म्हणून बघतो तर लाइट गेली होती आणि माग थांबले होते.

पण किस्सा पाण्याचा आहे. सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. धरण भरलेलं असो नाही तर नसो, मी राहायला आलो तेव्हा चार-पाच दिवसांआड. उजनीहून शंभरेक किलोमीटर नळातून यायचं म्हणजे त्यालाही दम लागत असेल. व्यवहाराच्या वेळी मालक म्हणाले होते, "हौद आहे पाच हजार लिटरचा, पाण्याची काळजीच करू नका." मी केली नाही. तिथेच चुकलं.

राहायला आल्यावर तिसऱ्या दिवशी, पहाटेचे साडेचार वाजले असतील, गल्लीत एक बाई जोरात ओरडायला लागली. "नीळ्ळोच्चिनय! नीळ्ळोच्चिनय!" मग दुसरी. मग पलीकडून तिसरी. मी अर्धवट झोपेत. बायकोने विचारलं, "कोण आलंय?" मी म्हटलं, "कुणीतरी नीला आलीय वाटतं, माहेरवाशीण असेल." आणि कूस बदलून झोपलो. गल्लीत बादल्यांचा आवाज, मोटारींचा आवाज, मला वाटलं काय जोरदार स्वागत चाललंय नीलाचं.

दहा-पंधरा मिनिटांनी दार धडाधडा वाजलं. समोरच्या अव्वा. साडीचा काष्टा मारलेला, हातात पाइप. "काय ओ, झोपलाव काय? पाणी आलंय की! कवापासून ओरडलालो!" तेव्हा ट्यूब पेटली. नीळ्ळु म्हणजे पाणी.

आता उठलो, नळ सोडला, धार चांगली होती. पाइप हौदात टाकायचा. बायको म्हणाली, "हौद कुठाय?"

मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे. हौद आहे एवढंच विचारलं होतं, कुठे आहे हे विचारायचं राहिलं. अंगणात बघितलं, मोरीत बघितलं, मागच्या बोळात बॅटरी मारून बघितलं. मालकांना फोन लावला, बंद. शेवटी अव्वाच आत शिरल्या आणि आमच्या मधल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "त्याच्या खाली." शहाबादी फरशीत लोखंडी कडी होती. आम्ही ती बघितली होती, पण आधी तिथे म्हैस-बिस बांधत असतील असं समजून वर कपाट ठेवलं होतं. लग्नातलं कपाट, भरलेलं, वरच्या खणात बायकोच्या बावीस साड्या आणि माझी दहावीपासूनची पुस्तकं. हमालांनी तीनशे रुपये जास्त घेऊन ते तिथे बसवलं होतं.

रिकामं केल्याशिवाय हलेना. अव्वाचे दोन मुलगे आले, त्यातला एक सगळा वेळ "लै वजन हाय बे" म्हणत हसत होता. कपाट सरकलं, फरशी उचलली, आत वाकून बघतो तर हौद कोरडा, तळाशी एक प्लॅस्टिकची बाहुली आणि एक तांब्या. पाइप आत सोडला. दोन मिनिटं धार पडली असेल, आणि नळाने ती ओळखीची 'घर्रर्र' केली. पाणी गेलं.

पुढचे चार दिवस आम्ही अव्वांच्या हौदावर काढले. आता मला पाण्यापुरती तेलुगू येते. पलीकडच्या गल्लीत कानडी कुटुंबं जास्त, तिथे 'नीरु बंतु' म्हणतात. त्या आरोळीलाही जाग येते. एकदा पुण्याला मेहुण्याकडे झोपलो असताना खाली कुणीतरी नीरवला हाक मारली, तर मी बादली शोधायला उठलो.

कडक भाकरी

बार्शीकर, हसून हसून पोट दुखलं. कपाट आता कुठे ठेवलंय?

बार्शीकडचा

यंत्रमागाच्या बोल्टांवर. त्यांनाही काहीतरी काम नको का.

ड्रिलमास्तर (निवृत्त)

होटगी रोड, तिसरा मजला, नवी कोरी इमारत. अक्कलकोटहून स्वामींची मोठी तसबीर आणली होती, ती देवघराच्या भिंतीला लावायची. खिळा ठोकला की नव्या भिंतीतून नुसती पूड पडते, म्हणून ड्रिल मशीन विकत घेतलं. पेन्सिलने खूण केली, ओळंब्याने सरळ आहे का बघितलं, बायकोला "बघ, असं काम करायचं असतं" असंही म्हणालो. हे वाक्य नंतर घरात फार वेळा ऐकवलं गेलंय.

पहिलं भोक झकास. दुसऱ्या भोकात ड्रिल एकदम सुळकन आत गेलं. मी बाहेर ओढलं आणि पाण्याची धार थेट तोंडावर. भिंतीच्या पलीकडे बाथरूम आहे हे माहीत होतं, त्याचा पाइप आपल्याच खुणेखालून जातो हे माहीत नव्हतं. मी भोकावर अंगठा दाबला. अंगठा दाबला की बाजूने फवारा उडायचा, सोडला की सरळ धार. देवघरातली समई विझली. मुलगा म्हणाला, "बाबा, अभिषेक चाललाय."

बायको गच्चीवर धावली, कॉक बंद करायला. गच्चीवर एका रांगेत बारा कॉक. कुठलाही नंबर नाही, नाव नाही. तिने वरून फोन केला, "कुठला?" मला काय माहीत? मी म्हटलं, "सगळे बंद कर." तिने केले. रविवार सकाळी साडेनऊ, अकरा बिऱ्हाडं, कुणी साबण लावून उभं, कुणाचं वॉशिंग मशीन अर्ध्यात. दोन मिनिटांत आमच्या दारात सगळी इमारत. सहा महिने जिन्यात नुसती मान हलवणारे लोक, त्या दिवशी प्रत्येकाचं नाव कळलं. एकजण डोक्याला शॅम्पूचा फेस घेऊन आले होते.

प्लंबरने टाइल फोडली, पाइपचा तुकडा बदलला, पण तशी टाइल बाजारात मिळेना. आमच्या बाथरूममध्ये आता एक टाइल निळी आहे. तसबीर खालच्या पाटावर ठेवलीय, तिथे छान दिसते.

ओळंबा

माझं नाव घेतलंत म्हणून येतो. तीस वर्षं बांधकामात गेली. ज्यांचं घर अजून तयार व्हायचंय त्यांनी एक काम करा: टाइल बसवायच्या आधी, पाइप आणि वायरिंग उघडं असताना, प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवा. शेजारी टेप धरून काढा, म्हणजे कोपऱ्यापासून किती इंचावर पाइप आहे तेही कळेल. आणि गच्चीवरच्या कॉकला ऑइलपेंटने फ्लॅटचे नंबर घाला. एक छोटा डबा लागतो.

पाइप तुम्हीच फोडला असेल तर खर्च तुमचाच. पण बांधकामातल्याच दोषाने गळत असेल तर रेराच्या कायद्यात ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बिल्डरने तो फुकट दुरुस्त करून द्यायचा असतो, कळवल्यापासून तीस दिवसांत. लेखी कळवा. फोनवर सगळे 'बघतो' म्हणतात.

वरचा मजला

आम्ही घर बघायला गेलो जानेवारीत. गड्ड्याचे, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेचे दिवस, सकाळी स्वेटर लागत होता. चौथा मजला, शेवटचा, वर उघडी गच्ची. एजंट म्हणाला, "ऊन बघा कसं छान येतंय हॉलमध्ये." आम्हीही म्हटलं, वा, काय ऊन आहे. शिवाय खालच्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त. एप्रिल उजाडेपर्यंत आम्ही स्वतःलाच हुशार समजत होतो.

सोलापूरचा एप्रिल ज्यांनी बघितलाय त्यांना पुढचं सांगायला नको. बाहेर 43, घरात स्लॅबची भट्टी. रात्री अकरा वाजता भिंतीला हात लावला तर गरम भाकरीसारखी. आणि पाणी! काळ्या टाकीतलं पाणी दुपारी असं निघायचं की अंगावर तांब्या ओतताना माणूस ओरडायचा. बोर्डावर गीझरचं बटण चुकून चालू राहिलंय असं समजून सासऱ्यांनी तीनदा तपासलं.

यावर तोडगा सापडला तोही चुकून. एकदा घाईत मी गरम पाण्याचा नळ सोडला आणि बऱ्यापैकी गार पाणी आलं! विचार केला तेव्हा कळलं, गीझर महिनाभर बंद, आतलं पाणी घराच्या सावलीत निवलेलं. गच्चीवरच्या टाकीपेक्षा ते कितीतरी बरं. तेव्हापासून एप्रिल-मे आम्ही गीझरमधून गार पाणी घेतो. अर्थात पंधरा लिटरचाच आहे, पहिला जो घुसेल त्याचं नशीब. पाहुणे आले की त्यांना सांगावं लागतं, "लाल खुणेचा नळ गारचा, निळा गरमचा, आणि जानेवारीत उलट."

यंदा गच्चीवर चुन्याचा हात मारलाय. फरक पडतो, पण डोळे दिपतात.

फिनेल

मी स्वतःच्या हाताने माती केली, तीही स्वच्छतेपायी. विजापूर रोडला रो हाउस घेतलं. पुढच्या अंगणात आणि पार्किंगला सुरेख पॉलिश केलेली शहाबादी. गवंड्यांनी जाताना सिमेंटचे डाग तसेच टाकलेले. मला डाग दिसला की झोप येत नाही. दुकानदाराला विचारलं, सिमेंट कशाने निघतं? तो म्हणाला ॲसिड. मी दोन बाटल्या आणल्या, तोंडाला ओढणी बांधली आणि अंगणभर ओतलं.

काय फसफसलं म्हणून सांगू! सोडा वॉटरसारखं. मला वाटलं, बघा किती मळ होता. खराट्याने घासलं, पाणी मारलं. वाळल्यावर बघते तर सिमेंटचे डाग जागच्या जागी, आणि फरशीचं पॉलिश गायब. पांढरे-राखाडी नकाशे उठलेले. आमचे हे संध्याकाळी आले, गेटमध्येच थांबले, आणि म्हणाले, "हा आफ्रिका दिसतोय, ते काय, ऑस्ट्रेलिया का?"

ओळंबा

ताई, शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की दगडच विरघळतो, तो फेस मळाचा नव्हता. सिमेंटचा डाग पत्र्याच्या पट्टीने खरवडून काढायचा. आता मशीन लावून पुन्हा पॉलिश करून घेता येईल.

विजापूर रोडचं रो हाउस म्हणताय, तर पावसाळ्यात दार अडकतं का?

फिनेल

तुम्हाला कसं कळलं?! पहिल्या पावसाळ्यात मागचं दार लागेना. सुतार बोलावून रंधा मारून घेतला. मार्चमध्ये त्याच दाराखालून मांजर आत यायला लागलं. आणि कंपाउंडच्या भिंतीला जिन्यासारखी भेग गेलीय.

ओळंबा

काळी माती. शेतात तिच्यासारखी आई नाही आणि पायाखाली तिच्यासारखी वैरीण नाही. पाऊस पडला की फुगते, उन्हाळ्यात आकसते, उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या याच. चांगला ठेकेदार काळी माती लागेल तेवढी उकरून काढतो, पाया खाली मुरमापर्यंत नेतो आणि जोत्यात मुरूमच भरून धुमस करतो. घराचं बहुतेक करतात, कंपाउंडचं कोणी करत नाही, म्हणून पहिली भेग कंपाउंडला. दाराला लगेच रंधा मारू नका. एक पावसाळा, एक उन्हाळा जाऊ द्या, मग मारा. आणि भिंतीला लागून बागेचं पाणी मुरू देऊ नका.

फिनेल

भिंतीला लागूनच जास्वंद लावलीय.

ओळंबा

असू दे. कुंडीत घ्या.

टेम्पोतली तुळस

निवृत्तीनंतर पुणं सोडून आम्ही परत गावी आलो. बाळीवेशीजवळ, जुन्या गावठाणात, यांच्या मनात होतं तसं छोटं घर मिळालं. पौषात कुणी घर बदलतं का म्हणून नणंदेने आधीच बजावलं होतं. पण मुलाला सुट्टी संक्रांतीलाच, म्हणून सामान आणायचं ठरलं ते नेमकं भोगीच्या दिवशी. मी अठ्ठावीस वर्षं पुण्यात काढली, तरी मूळची सोलापूरची ना? मला तरी आठवायला हवं होतं. त्या दिवशी यण्णीमज्जन! सिद्धेश्वराच्या यात्रेचे सातही नंदीध्वज हिरेहब्बू वाड्यातून निघून अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक करायला गावभर फिरतात. आणि आम्ही त्याच रस्त्यावर सोळा फुटी टेम्पो घालायला निघालेलो.

पोलिसाने लांबूनच हात केला. "कुठं चाललाव ओ?" हे म्हणाले, "घरी." तो म्हणाला, "आज टेम्पो घालून घरी कोणी जात नसतंय. चालत जावा."

टेम्पो लांब एका मैदानाच्या कडेला लावला. ड्रायव्हर पुण्याचा, त्याला वाटलं दंगल झालीय. सामान आत, आम्ही बाहेर, मांडीवर तुळशीची कुंडी, कारण ती मी टेम्पोच्या मागे ठेवू दिली नव्हती. तेवढ्यात लांबून 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र' ऐकू आलं आणि यांनी चपला टेम्पोत टाकून सरळ त्या दिशेला चालायला सुरुवात केली. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं, कमरेच्या पट्ट्यात ते उंच काठीचं वजन तोललेलं, आणि आमचे हे दोन्ही हात जोडून रस्त्याच्या कडेला. शाळेत असताना ते दरवर्षी नंदीध्वजामागून चालायचे. मी तुळस घेऊन मागे. गर्दीतल्या एका आजींना वाटलं मी नवसाची तुळस आणलीय, त्यांनी तिला हळदीकुंकू लावलं.

दुपारी भूक लागली तर सगळी भांडी टेम्पोत. ज्या घराच्या ओट्यावर टेकलो होतो त्या घरातल्या बाईंनी आत बोलावून तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी वाढली. ड्रायव्हरने चार भाकरी खाल्ल्या. सामान घरात पोचलं दुसऱ्या दिवशी पहाटे, आणि दुपारी ड्रायव्हर पुण्याला जायचं सोडून यांच्याबरोबर अक्षता सोहळ्याला गेला.

नणंद अजून म्हणते, पौष होता म्हणून असं झालं. म्हणू दे.

गिरणीचा भोंगा

माझ्या आजोबांची सगळी हयात लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये गेली. आजी आता ब्याऐंशीची. नव्या फ्लॅटमध्ये मॉड्युलर किचन बसवलं आणि मोठ्या कौतुकाने आजीला दाखवलं. "आजी, ही चिमणी." आजीने वर बघितलं, आमच्याकडे बघितलं. "चिमणी कशाला रे? घरात गिरणी काढली का?"

ती चिमणी आणि आजी यांचं कधीच जमलं नाही. आजी तव्यावरची भाकरी काढून थेट जाळावर फुगवते. त्या काचेच्या शेगडीचे बर्नर नाजूक, भाकरीचं पीठ भोकांत जाऊन बसायचं आणि मग ज्योत पिवळी. वर चिमणीच्या ओढीने जाळ असा नाचायचा की भाकरी एका बाजूने कच्ची. शिवाय ओटा आजीच्या छातीला लागायचा. ओट्यावर थापली की खालच्या मजल्यावरच्यांची तक्रार, पहाटे साडेपाचला कुणीतरी धपाधप काहीतरी बडवतंय म्हणून. खालचे गृहस्थ वर आले होते, चेहरा लाल. आजीने त्यांना बसवलं, समोर गरम भाकरी, शेंगाचटणी आणि दही ठेवलं. त्यांनी खाल्लं. जाताना विचारलं, "रोज किती वाजता थापता?" आता थापल्याचा आवाज आला की त्यांचा मुलगा डबा घेऊन वर येतो.

आजीसाठी शेवटी बाल्कनीत जुनी लोखंडी शेगडी मांडलीय, खाली पाट. पाच लाखांच्या किचनमध्ये आम्ही चहा करतो.

अर्धांग

घर बायकोच्या नावावर घेतलं. आपल्या राज्यात बाईच्या एकटीच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. तीस लाखांच्या फ्लॅटवर तीस हजार वाचले, म्हणजे नोंदणी शुल्काचेच पैसे निघाले. मी खूश. मग वीजमीटरवर नाव बदलायला गेलो. "मालक कोण?" बायको. "त्यांची सही?" ती लातूरला माहेरी. मिळकत कराला गेलो. "मालक कोण?" सोसायटीच्या मीटिंगला गेलो, तर सेक्रेटरी म्हणाले, "तुम्हाला मत नाही, चहा घ्या." पार्किंगच्या स्टिकरवरही तिचंच नाव. घरी कुरिअरवाला येतो, मला बघून विचारतो, "मॅडम आहेत का?" मला माझ्याच दारात ओटीपी सांगता येत नाही.

कडक भाकरी

तीस हजारांचं काय केलंत?

अर्धांग

मालकीणबाईंना विचारून सांगतो.

आहेर

माझी फजिती चालू आहे, संपलेली नाही, म्हणून सल्ला हवाय.

शेळगीकडे रिसेलचं घर घेतलं. आधीचे मालक वारले होते, व्यवहार त्यांच्या मुलाने केला, तो परगावी असतो. फार लोभस माणूस असणार ते, कारण चार वर्षं झाली तरी त्यांच्या नावाने पत्रिका येतात. पहिली आली तेव्हा मुलाला कळवलं. तो म्हणाला, "मी कुणाला ओळखत नाही, टाकून द्या." पत्रिकेला हळदीकुंकू लावलेलं, वर 'सहकुटुंब, आग्रहाचे' असं हाताने लिहिलेलं. टाकवेना. लग्न अक्कलकोट रोडलाच होतं, म्हटलं जाऊन निदान सांगून येऊ की ते गेले.

गेलो. दारात नवरीचे वडील. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी माझा हात धरला, "तुम्ही त्यांच्या घरचे ना? ते का नाही आले?" आत अक्षता वाटायला सुरुवात झालेली. अशा वेळी कसं सांगणार? मी म्हटलं, "त्यांना जमलं नाही." त्यांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, हुग्गीवर, म्हणजे गव्हाच्या खिरीवर, तूप स्वतः वाढलं. मी पाचशे एकाचं पाकीट त्यांच्या नावाने दिलं आणि आलो. बायको म्हणाली, आता पुढच्या लग्नात तरी सांगा. पुढच्या वर्षी दुसरी पत्रिका आली, त्याच घरातली, धाकटी मुलगी. याही वेळी "जमलं नाही" म्हणालो. नवरीचे वडील जरा गप्प झाले. म्हणाले, "रागावलेत का आमच्यावर?"

काल तिसरी आली. मुलाचं लग्न, पंधरा दिवसांनी. पत्रिकेबरोबर वेगळी चिठ्ठी आहे, 'या वेळी आलाच नाहीत तर मी स्वतः न्यायला येईन.' पत्ता आमचाच आहे.

बिनदुधाची बासुंदी

अहो, फोन करा आजच! पत्रिकेवर नंबर असेल की.

आहेर

आहे. तीनदा लावला. उचलून आधी तेच बोलतात, "काय म्हणतायत आमचे मालक, तब्येत बरी ना?"